तिसऱ्या वर्षाला होस्टेल का मिळत नाही?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे होस्टेलची खात्री फक्त पहिल्या वर्षाला, दुसऱ्या वर्षी लॉटरी आणि तिसऱ्यापासून थेट बाहेर. लॅब रात्री साडेनऊला सुटते आणि माझी शेवटची बस नऊ चाळीसची, रोज धावतपळत गाठतो. आता स्टुडंट कौन्सिलकडून आम्ही वरच्या वर्षांसाठी नवीन होस्टेल मागणार आहोत, पण ऑफिसचं एकच पालुपद, या मुलांना कॅम्पसवर राहायचंच नसतं, गेल्या वर्षी खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. खरंच असं असतं का? आणि मागायचं तर नेमकं काय मागायचं?

उत्तर : तुझा प्रश्न वाचला आणि मला माझं तिसरं वर्ष आठवलं. दोन बॅगा, गादीची वळकटी आणि पुस्तकांचा खोका घेऊन मी होस्टेलच्या जिन्यात बसले होते, कारण चावी बारापर्यंत परत करायची होती आणि नव्या खोलीचे मालक संध्याकाळी पाचला येणार होते. वरून मुली सामान उतरवत होत्या आणि दर वेळी मी खोका भिंतीकडे सरकवत होते. ते पाच तास मी अजून विसरले नाहीये, त्यामुळे हे उत्तर जरा लांबेल, सांभाळून घे.

खोल्या रिकाम्या राहिल्या असतीलही. पण ऑफिसला विचार की त्या कुठल्या खोल्या होत्या आणि अलॉटमेंटची यादी लागली कधी? बाहेरचे घरमालक वर्ष सुरू व्हायच्या कितीतरी महिने आधी करार करून डिपॉझिट घेऊन मोकळे होतात आणि होस्टेलची लॉटरी निघते नंतर, मग हातचं सोडून पळत्याच्या पाठी कोण लागणार? त्यात मिळणारी खोली तीच, दोघांत एक, बाथरूम पॅसेजच्या टोकाला, मेस सक्तीची, गेट दहाला बंद. अठराव्या वर्षी हे चालून जातं, नव्या ओळखीही होतात, पण एकविसाव्या वर्षी प्रोजेक्ट, इंटर्नशिप, रात्रीची लॅब असं सगळं असताना माणसाला स्वतःचं दार लागतं.

म्हणून नुसते 'बेड वाढवा' म्हणू नका. फ्लॅटसारखी रचना मागा, म्हणजे चार सिंगल खोल्या आणि त्यांच्यात एक किचन, एक-दोन बाथरूम. करार बारा महिन्यांचा मागा, सुट्टीत इंटर्नशिप असते तेव्हा सामान घेऊन कुठे फिरणार? ऑफिसलाही हे पटू शकतं, कारण अशा इमारती बऱ्याचदा कर्ज काढून बांधतात आणि भाड्यातून ते फेडतात, तेव्हा सुट्टीतही भरलेली इमारत त्यांच्याच सोयीची.

घाईत काय होतं त्याचंही उदाहरण देते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा कॅम्पसवर मंगर हॉल नावाची अवाढव्य इमारत होणार होती, एका छताखाली 4,500 विद्यार्थी, आणि बहुतेक बेडरूमना खिडकीच नाही! 2021 मध्ये सल्लागार आर्किटेक्टने राजीनामा दिला तेव्हा खूप गाजलं आणि 2023 मध्ये तो प्लॅन बाजूला पडला. तोवर घरांची टंचाई होती तिथेच. तेव्हा नकाशा ठरायच्या आधी तुमची दोन मुलं त्या कमिटीत असायला हवीत हे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी गोष्ट, नवीन इमारतीबरोबर प्रवेशही वाढणार आहेत का हे आधीच विचारून घ्या. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात 2017 मध्ये दोन नवी निवासी कॉलेजं (म्हणजे विद्यार्थी जिथे राहतात ती संकुलं) उघडली, 12 ची 14 झाली, पण ती मुळात जास्त विद्यार्थी घेता यावेत म्हणूनच. त्यांनी ते उघड सांगून केलं, त्यात गैर काही नाही, पण तुमच्याकडे असं न सांगता झालं तर वरच्या वर्षांची रांग आहे तेवढीच राहील. म्हणून 'इतके बेड' याऐवजी 'इतक्या वर्षांची हमी' लेखी मागा. स्टॅनफर्डमध्ये पहिल्या वर्षाला आलेल्या विद्यार्थ्याला चार वर्षं राहायची हमी असते, म्हणजे मागणी काही जगावेगळी नाहीये.

आता खरं सांगायचं तर इमारत उभी राहीपर्यंत तू पास होऊन गेलेला असशील. तुझ्या बॅचसाठी लगेच होण्यासारखं एवढंच, की यादी घरमालकांच्या करारांच्या आधी लावा, आहे त्या होस्टेलमधला ठराविक हिस्सा वरच्या वर्षांना राखून ठेवा, आणि जवळची एखादी बिल्डिंग विद्यापीठाने स्वतः भाड्याने घेऊन मुलांना द्यावी, म्हणजे डिपॉझिटसाठी प्रत्येकाला एकेकट्याने मालकाशी भांडायला नको. बाहेर राहणाऱ्या सगळ्यांना एक फॉर्म पाठवा, किती वाजता निघता, किती भाडं देता, कॅम्पसवर कशी खोली मिळाली तर परत याल, एवढंच विचारा, त्या आकड्यांपुढे 'राहायचंच नसतं' हे वाक्य टिकणार नाही.

बसचं मात्र या सगळ्यासाठी अडवून ठेवू नका. लॅब सुटायची वेळ आणि शेवटच्या बसची वेळ एका कागदावर लिहा, लॅबवाल्या सगळ्यांच्या सह्या घ्या आणि याच आठवड्यात देऊन या.