सकाळची मिसळ आणि दुपारचा वायू

प्रश्न : रविवारी सकाळी आम्ही सहकुटुंब गंगापूर रोडला मिसळ खायला जातो. त्या दिवशी दुपारनंतर माझे पोट फुगते आणि सारखा वारा सरतो. यजमानांना मात्र तेवढीच मिसळ खाऊन काहीही होत नाही. मटकी तर मोड आलेली असते. मग हा वायू येतो कुठून, आणि त्याला कधी दुर्गंधी असते, कधी नसते, हे कसे?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : जेवताना गिळलेली हवा बहुतांशी ढेकरांवाटे निघून जाते. आपली तक्रार दुपारची आहे आणि हा वेळेचा तपशीलच बोलका आहे. न पचलेले अन्न मोठ्या आतड्यात पोहोचायला साधारण ४ ते ६ तास लागतात; त्यामुळे नऊ वाजताच्या मिसळीचा जाब पुष्कळदा दोन वाजताच्या वरणभाताला विचारला जातो.

कडधान्यांत राफिनोज, स्टॅकिओज अशा शर्करा असतात. त्यांचे विघटन करणारे विकर माणसाच्या लहान आतड्यात तयारच होत नसल्याने त्या जशाच्या तशा पुढे सरकतात आणि मोठ्या आतड्यातील जिवाणू प्राणवायूवाचून त्यांचे किण्वन करतात. त्यातून हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड हे वायू तयार होतात. शिवाय काही मेदाम्लेही तयार होतात, ज्यांपैकी ब्युटिरेटवर मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी पोसल्या जातात, म्हणून या जिवाणूंना शत्रू समजू नये. मोड येताना बी या शर्करा स्वतःच बऱ्याच प्रमाणात वापरून टाकते, तेव्हा मटकीचा दोष कमीच. माझा संशय वरून घातलेल्या कांद्यावर आणि बेसनाच्या, म्हणजे मोड न आणलेल्या हरभऱ्याच्या, शेवेवर अधिक आहे. कांद्यातले फ्रुक्टान हे कर्बोदक आपल्याला पचत नाही (नाशिककराने कांद्याला नावे ठेवावीत, हे जरा जिवावरच येते), आणि तेच थोड्या प्रमाणात पावाच्या गव्हातही असते.

आता यजमानांविषयी. पोटातला वायू किती साठतो, हे तो किती तयार होतो यावर जितके अवलंबून असते, तितकेच तो किती खर्च होतो यावरही असते. काहींच्या आतड्यात मेथॅनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथी हा सूक्ष्मजीव मोठ्या संख्येने असतो. काटेकोरपणे पाहता तो जिवाणू नसून आर्किया या वेगळ्या गटातला आहे. तो हायड्रोजनचे चार व कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू घेऊन मिथेनचा एकच रेणू बनवतो, म्हणजे पाच रेणूंच्या वायूच्या जागी एका रेणूचा उरतो. उरलेल्या हायड्रोजनपैकी काही रक्तात शोषला जाऊन श्वासावाटे बाहेर पडतो. दुधातली साखर न पचण्याचे निदान करणारी श्वासचाचणी यावरच आधारलेली आहे. यजमानांच्या पोटात असे सूक्ष्मजीव अधिक असतील, किंवा तितकाच वायू होऊनही त्यांच्या आतड्याला तो जाणवत नसेल.

दुर्गंधीचा संबंध प्रमाणाशी नाही. वर सांगितलेले सगळे वायू गंधहीन आहेत; वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेनथायॉल यांसारख्या गंधकयुक्त वायूंचा, आणि ते एकूण वायूच्या १ टक्क्याहूनही कमी असतात. अंडी, मांस, लसूण, कोबी यांतील गंधक त्यांना पुरते.

दिवसातून १० ते २० वेळा वारा सरणे प्रकृतीला धरूनच आहे. वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. तसे काही नसेल, तर एका रविवारी कांदा आणि त्यापुढच्या रविवारी शेव वगळून, तर्री व मटकी तशीच ठेवून, दुपारी काय होते ते पाहावे.