वाचक विचारतात: पाव मिलिमीटरचा हिशेब

मागच्या अंकात मी पिस्तूल नेमबाजीवर लिहिलं आणि ‘प्रश्न असतील तर कळवा’ असं शेवटी सहज म्हटलं. पत्रांचा गठ्ठाच आला. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच विचारणा, काय विकत घेऊ? मी पोस्टातली नोकरी सांभाळून चौतिशीत पिस्तूल हातात धरलं, आता कोल्हापुरात मुलांना शिकवते. चुकीच्या खरेदीचं एक अख्खं कपाट माझ्या घरात आहे. त्या अधिकारानं उत्तरं देते.

मुलगा १३ वर्षांचा आहे. चार महिने क्लबच्या एअर पिस्तुलावर शिकतोय. आता स्वतःचं परदेशी पिस्तूल हवं म्हणतो. दोन लाखांच्या घरात जातं. कर्ज काढू का? — एक पालक, सांगली

नका काढू. चार महिन्यांत तर नाहीच.

१० मीटर एअर पिस्तूल म्हणजे दाबलेल्या हवेनं १० मीटरवरच्या टार्गेटवर छर्रा मारणारं पिस्तूल. त्याचा नियम साधा आहे: नळी ४.५ मिलिमीटरची, वजन १५०० ग्रॅमच्या आत, ट्रिगर सुटायला किमान ५०० ग्रॅमचा भार लागायला हवा. क्लबचं जुनं पिस्तूल यात बसत असेल तर ते तुमच्या मुलापेक्षा खूपच चांगलं मारतं, हे मी खात्रीनं सांगते. शिवाय त्याचा पंजा अजून वाढतोय. आज बसवलेली लाकडी ग्रिप, म्हणजे मूठ, दोन वर्षांत आखूड पडेल. पैसे घालायचेच असतील तर क्लबच्या पिस्तुलाला बसेल अशी त्याच्या मापाची वेगळी ग्रिप घ्या आणि तिला कानस लावायला घाबरू नका. तळव्याला खडूची पूड फासून ग्रिप धरायला सांगा. लाकडावर जिथं पूड उमटत नाही तिथं पोकळी आहे, तिथं लांबी, म्हणजे सुताराची पुट्टी, भरायची. जिथं टोचतं तिथं घासायचं. माझ्या ग्रिपवर इतकी लांबी आहे की मूळचं लाकूड शोधावं लागतं.

पुढे कधी जुनं पिस्तूल मिळालं तर रंगरूप नंतर बघा, आधी हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. हे सिलिंडर २०० बारपर्यंत भरतात आणि त्यांची मुदत १० वर्षांची असते. ‘स्वस्तात मिळालं’ म्हणून आणलेल्या पिस्तुलाचा सिलिंडर बाद निघाला की स्वस्ताई संपली. ट्रिगर इलेक्ट्रॉनिक घ्यावा की यांत्रिक, हेही तुम्ही विचारलंय. मी मुलांना यांत्रिक सुचवते, कारण आपल्या गावात तो उघडून बसवणारा माणूस सापडतो. भारी सामानही दगा देतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरी चालू असतानाच मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली. तिनंच २०२४ मध्ये पॅरिसला दोन कांस्यपदकं आणली.

ट्रिगरवरून आठवलं. माझ्या तिसऱ्या राज्य स्पर्धेच्या आदल्या रात्री मी लॉजवर बसून ट्रिगरचा स्क्रू सैल केला. हलका ट्रिगर म्हणजे सोपा शॉट, अशी तेव्हाची समजूत. सकाळी तपासणीच्या टेबलावर पंचांनी ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवून पिस्तूल उभं उचललं आणि ‘टक्’. नापास. कुणाची तरी चावी मागून स्क्रू पुन्हा आवळला, पास झाले आणि लाइनवर उभी राहिले. पण बोटाला सवय कशाचीच उरली नव्हती. पहिल्या १० शॉट्सना १०० पैकी ७९. घरी वजन ५१० ग्रॅमवर ठेवा आणि नंतर त्या स्क्रूला हात लावू नका.

आमच्या गावात रेंज नाही. महिन्यातून दोन रविवार पुण्याला जाते. घरी काय सराव करू? माझा हात फार थरथरतो, त्याला काही व्यायाम आहे का? — एक विद्यार्थिनी, चिपळूण

बाळ, हात सगळ्यांचाच हलतो. पदकवाल्यांचाही. तू ज्याला थरथर म्हणतेस त्यानं तुझे गुण फारसे जात नाहीत. जातात ते वेगळ्याच ठिकाणी. आता कागद-पेन्सिल घेऊन बस.

नेम धरायला पिस्तुलावर मागे एक खाच असते आणि नळीच्या टोकाशी एक खुंटी, तिला पुढची साइट म्हणतात. माझ्या पिस्तुलावर या दोन्हींत साधारण ३२ सेंटिमीटर अंतर आहे. टार्गेट १० मीटरवर, म्हणजे जवळपास ३१ पट लांब. पुढची साइट खाचेत फक्त पाव मिलिमीटर डावीकडे सरकली, तर छर्रा टार्गेटवर सुमारे ८ मिलिमीटर डावीकडे लागतो. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं आणि त्याबाहेरची प्रत्येक रिंग ८ मिलिमीटर रुंद. म्हणजे पाव मिलिमीटरला एक अख्खी रिंग! आता दुसरी बाजू बघ. साइट्स एका रेषेत आहेत आणि सगळा हातच ८ मिलिमीटर हलला, तरी नुकसान तेवढंच, एक रिंग. ८ मिलिमीटरचं हलणं तुला ठळक दिसतं, त्याची भीती वाटते, आणि ‘आत्ता दहावर आहे, आत्ताच मार’ म्हणून तू ट्रिगर ओढतेस. त्या ओढण्यात मनगट जरासं वळतं, साइट पाव-अर्धा मिलिमीटर सरकते, आणि ते तुला दिसतही नाही.

म्हणून घरी टार्गेट लावूच नकोस. पांढरी भिंत पुरे. पिस्तूल ड्राय फायरवर टाक, म्हणजे छर्रा न सुटता नुसता ट्रिगर चालेल, नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी बघ आणि छर्‍यांची डबी दुसर्‍या खोलीत ठेव. भिंतीच्या पलीकडे किंवा समोर कुणी बसलेलं नको, एअर पिस्तूल असलं तरी नको. मग पिस्तूल उचल, नजर पुढच्या साइटवर, ती खाचेत मध्यभागी आणि दोन्ही बाजूंना प्रकाश सारखा. पाच ते आठ सेकंदांत ट्रिगर दाबत दाबत सुटू दे. सुटल्यावर दोन सेकंद तसंच धरून बघ, साइट उडाली का? उडाली तर कुठं? रेंजवर छर्रा सुटला की सगळ्यांचं लक्ष टार्गेटकडे जातं, त्यामुळे ही चूक तिथं सापडत नाही. भिंतीसमोर बघायला दुसरं काही नसतंच.

आठ सेकंदांत सुटला नाही तर पिस्तूल खाली घे. हे सगळ्यात अवघड. साठ शॉट्सना ७५ मिनिटं मिळतात, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. घाई कसली? माझ्या एका विद्यार्थ्याला मी महिनाभर फक्त ‘खाली घेतलेल्या’ शॉट्सची वहीत नोंद ठेवायला लावली. सुरुवातीला पानं कोरी असायची, कारण तो काहीही झालं तरी मारायचाच.

रोज २० मिनिटं पुरेत. व्यायामाचं म्हणशील तर लिटरभर पाण्याची बाटली साधारण पिस्तुलाएवढी भरते. दूध तापेपर्यंत हात सरळ करून ती धर. खांद्याला बरं, पण त्यानं नेम सुधारतो असं मी म्हणणार नाही.

वय ४७. पुढची साइट धूसर दिसते. वाचायचा चष्मा लावला तर टार्गेटच गायब! — एक शिक्षक, नाशिक

सर, वाचायचा चष्मा पुस्तकाच्या अंतरासाठी, तो इथं फार जड पडतो. चष्मेवाल्याकडे जाताना हात लांब करून डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचं अंतर मोजून न्या. तुमच्या लांबच्या नंबरात साधारण अधिक ०.५० ते ०.७५ वाढवला की साइट धारदार दिसते आणि टार्गेट राखाडी गोळ्यासारखं उरतं. ते तसंच हवं. दुसरा डोळा मिटू नका, कपाळ आखडतं. त्याच्यापुढे पट्टी लावा, पण काळी नको. ती अर्धपारदर्शक आणि ३ सेंटिमीटरपेक्षा रुंद नसावी. श्रीखंडाच्या डब्याचं पांढरं झाकण कापून केलेली माझी पट्टी १२ वर्षं टिकली.

छर्रा ४.४९ मिलिमीटरचा घ्यावा की ४.५० चा? — तीन पत्रांतून

तुमचे शॉट्स आठच्या बाहेर जात असतील तर दोन्ही सारखेच. नऊच्या आत स्थिर व्हाल तेव्हा पिस्तूल शिकंज्यात घट्ट बसवून प्रत्येक मापाचे दहा-दहा मारून बघा आणि ज्याच्या दहा छर्‍यांचं मिळून छिद्र सगळ्यात लहान पडेल त्याच लॉटच्या डब्या घ्या. चपट्या तोंडाचेच घ्या, कागदाला गोल छिद्र पडतं. आणि छर्रे ओठांत धरून लोड करणारे महाभाग मी पाहिलेत. ते शिसं आहे! हात धुतल्याशिवाय डबा उघडून पोहेही खायचे नाहीत.

एअर पिस्तुलाला परवाना लागतो का? — एक वाचक, लातूर

नळी .१७७ इंचाची, म्हणजे ४.५ मिलिमीटरची, आणि ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल तर नाही. स्पर्धेचं पिस्तूल पाच-सहा ज्यूलचं असतं. बिल आणि ओळखपत्र मात्र पेटीतच ठेवा. एसटीत पेटी उघडून शेजारच्याला दाखवू नका.

इथल्या क्लबात बरेच जण झाडलेली काडतुसं घरी रीलोड करतात, म्हणजे पुन्हा भरतात. मीही यंत्र घेतोय. पुण्यातला पुतण्या २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल मारतो. त्याच्यासाठी .२२ ची काडतुसं भरून आणू का? — एक वाचक, न्यू जर्सी

राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण जिंकलं तोच हा प्रकार, त्यामुळे आमच्या कोल्हापुरात त्याचं कौतुक जास्त. पण .२२ चं काडतूस पुन्हा भरता येत नाही. त्याचं पेट घेणारं रसायन बुडाच्या कडेत असतं. पिन त्या कडेवर आदळून ती चेपते, संपलं. तुमच्या क्लबातले लोक भरतात ती सेंटर फायर, म्हणजे .३८ किंवा .४५. त्यांच्या बुडाच्या मध्यावरचा प्रायमर, म्हणजे पेट घेणारी छोटी टोपी, काढून नवा बसवता येतो. खर्च वाचतो, धक्का मऊ करता येतो, एका हातानं मारणार्‍याला त्याचा फायदा असतो. भारतात हा छंद होऊ शकत नाही, काडतूस तयार करायलाच परवाना लागतो.

तुम्ही तिथं भरणार असाल तर पावडरचं वजन मला किंवा मित्राला विचारू नका, पावडर बनवणार्‍या कंपनीच्या छापील पुस्तकातून घ्या. टेबलावर एका वेळी एकच पावडर, टीव्ही बंद. दुप्पट भरलं गेलं तर पिस्तूल फुटतं, न भरता राहिलं तर गोळी नळीतच अडकते. रेंजवर एखादा आवाज दबका आला की पुढची गोळी झाडायची नाही. पिस्तूल रिकामं करून नळीत सळई घालून बघायचं.

पुतण्यासाठी सामानात एकही काडतूस घालू नका, रिकामं कवचसुद्धा नको. विमानतळावर बॅगेत एक सापडलं तरी पोलीस ठाणं गाठावं लागतं. काही आणायचंच असेल तर त्याच्या मापाचे सपाट, लवचिक तळाचे बूट आणा. घोट्याच्या खाली राहणारे, उंच बूट पिस्तूलवाल्यांना चालत नाहीत.