माहेरचे चार दिवस

प्रश्न: माझं माहेर तासगावजवळच्या खेड्यात. पुण्याहून मुलांना घेऊन मे महिन्यात चार दिवस जाते, ते चुलत्या-आत्यांकडे जेवायला जाण्यातच संपतात. आईजवळ बसणं होत नाही. नाही म्हटलं तर माणसं रुसतात. काय करू?

उत्तर: ताई, पहिला दिवस आईचाच ठेवा. निघण्याआधी थोरल्या काकूंना फोन करून तसं सांगा. त्यांच्याकडून गेलेला निरोप भावकीत कुणी मोडत नाही. बाकीच्यांना एका संध्याकाळी तुमच्याच ओसरीवर बोलवा, भडंग आणि चहा पुरे. आजारी, म्हाताऱ्या माणसांकडे मात्र स्वतः जा. तिथे काटकसर नको.

मी याच पट्ट्यात वाढले, म्हणून आणखी एक आग्रह. एखादी खेप मार्चमध्ये करा, शनिवार-रविवार धरून. तेव्हा बेदाण्याची शेड भरलेली असतात. द्राक्षांचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळ्यांवर सावलीत पसरतात, साधारण १५ दिवसांत बेदाणा होतो. मुलांना आजोबांबरोबर तिकडे पाठवा. बघायला, विचारायला, तयार बेदाणा चाखायला भरपूर मिळेल, आणि तेवढा वेळ तुम्ही मायलेकी घरात निवांत.

गणपतीत जमलं तर फारच चांगलं. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तासगावचा रथ निघतो, लोक तो दोरांनी ओढतात. सगळा गोतावळा तिथेच भेटतो, घरोघर फिरावं लागत नाही. आईला गर्दी झेपत नसेल तर तुम्ही तिच्याजवळ थांबा, मुलांना मामा नेईल.