लहान विमानांच्या पायलटना पगार रास्त मिळतो का? निवृत्त लोको पायलटचं उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा बारावी सायन्सला आहे, सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोवा आणि मुंबईची विमानं उडायला लागल्यापासून त्याने पायलट व्हायचं मनावर घेतलंय. या सत्तर-पंचाहत्तर सीटच्या विमानांवरच्या पायलटना मिळणारा पगार इंजिनिअर, बँक, रेल्वे यांच्या मानाने रास्त आहे की नुसता बोलबाला, हे तुम्हाला हवंय.

मी मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागातून लोको पायलट, म्हणजे रेल्वे इंजिनाचा ड्रायव्हर, म्हणून निवृत्त झालो. माझ्या साडूचा मुलगा एटीआर या सत्तरेक सीटच्या विमानावर को-पायलट आहे, त्याच्या शिक्षणाच्या कर्जापासून आजपर्यंतचा हिशोब मी जवळून पाहिलाय. आधी माझं मत सांगतो. कॅप्टनला मिळतो तो पगार रास्त आहे. नव्या को-पायलटला मिळतो तो रास्त नाही. कारण महिन्याच्या आकड्यात सापडणार नाही. शिकायचा खर्च कोणी केला, तिथे ते सापडतं.

रेल्वेत असिस्टंट लोको पायलट व्हायला आयटीआय किंवा डिप्लोमा लागतो आणि रेल्वे भरती मंडळाची (आरआरबी) परीक्षा द्यावी लागते. फी काही शे रुपये. निवड झाली की रेल्वे स्वतःच्या खर्चाने ट्रेनिंग देते, वर त्या काळात पैसेही देते. मूळ वेतन 19,900 पासून सुरू होतं, त्यावर महागाई भत्ता आणि किलोमीटर भत्ता. रक्कम डोळे दिपवणारी नाही, पण पहिल्या दिवशी डोक्यावर कर्ज शून्य असतं.

पायलटचं उलट आहे. कमर्शियल पायलट लायसन्सला किमान 200 तासांचं उड्डाण लागतं. बारामती, गोंदिया, रायबरेलीजवळचं फुरसतगंज, कुठेही शिका किंवा परदेशात जा, खर्च पन्नास लाखांच्या आसपास जातोच. पुढे ज्या जातीचं विमान उडवायचं त्याचं वेगळं टाइप रेटिंग, त्याचे बरेचदा पंधरा-वीस लाख. राहणं, परीक्षा, पुन्हा द्यावे लागलेले पेपर आणि हवामानामुळे लांबलेले महिने धरले की आकडा ऐंशी लाखांवर सहज पोचतो. एवढं कर्ज बँक तारणाशिवाय देत नाही. म्हणजे जुळे सोलापुरातलं घर किंवा गावाकडची जमीन. सात-बाऱ्यावर बोजा चढतो आणि घरातल्या बाकीच्या मुलांचं शिक्षण, लग्न सगळं त्या एका मुलाच्या नोकरीभोवती फिरायला लागतं.

आता हप्ता बघा. 80 लाख, 11 टक्के व्याज, दहा वर्षं मुदत: महिन्याला साधारण 1 लाख 10 हजार. मुदत पंधरा वर्षांची केली तरी 91 हजारांच्या घरात. शिकताना चढलेलं व्याज यात धरलेलं नाही. लहान विमानावरच्या नव्या को-पायलटला साधारण लाख ते दीड लाख मिळतात. त्यातून हप्ता गेल्यावर त्याच्या हातात जे उरतं ते कधीकधी त्याच विमानाचं सामान चढवणाऱ्या कामगाराएवढं असतं. लोकांना गणवेश आणि खांद्यावरच्या पट्ट्या दिसतात. साडूच्या मुलाची आई हप्त्याच्या तारखेला बँकेचं ॲप उघडून बसते, ते मी पाहिलंय.

आणि हे नोकरी लागली तर. लायसन्स हातात घेऊन वर्ष-दोन वर्षं घरी बसलेली मुलं आपल्या देशात थोडीथोडकी नाहीत. पायलटचा तुटवडा आहे असं पेपरात वाचता, तो खरा आहे, पण अनुभवी कॅप्टनचा. दोनशे तासवाले दारात रांगेत उभे आहेत, त्यामुळे कंपनीला त्यांचा पगार वाढवायची घाई नसते.

मोठ्या आणि छोट्या विमानांच्या पगारात फरक का पडतो, तेही समजून घ्या. कॉकपिटमध्ये दोघं लागतात, विमान केवढंही असो. एअरबस ए 320 मध्ये त्या दोघांचा पगार 180-186 तिकिटांवर वाटला जातो. गोव्याला जाणाऱ्या एटीआरमध्ये सत्तरेक तिकिटांवर, मुंबईच्या एम्ब्रेअर 175 मध्ये 76 वर. छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या सरकारच्या उडान योजनेत काही सीटच्या भाड्याला मर्यादा असते, सरकार ठरावीक काळ तूट भरून देतं. कंपनीला खर्च काटायला फार थोड्या जागा उरतात. हे मला पटतं. पण काम कमी म्हणून पगार कमी, असं कोणी म्हणत असेल तर ते साफ चूक आहे. छोटं विमान दिवसात चार-चार वेळा चढतं-उतरतं, आणि सगळ्यात जास्त लक्ष लागतं ते याच दोन वेळांना. शिवाय त्याचे विमानतळ आपल्यासारखे: धावपट्टी लहान, मुंबई-दिल्लीसारखी उतरवण्याची यंत्रणा नाही, पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या सकाळी दृश्यमानतेचा भरवसा नाही. आमच्याकडे राजधानी चालवणाऱ्याचा मान मोठा, पण प्रत्येक स्टेशनाला थांबणाऱ्या पॅसेंजरच्या ड्रायव्हरला ब्रेक किती वेळा लावावा लागतो ते ड्यूटीवर हजेरी लावतो त्या लॉबीतल्या सगळ्यांना माहीत असतं.

मोजणीची पद्धतही पाहा. आम्हाला किलोमीटर भत्ता, त्यांना उड्डाणाच्या तासांचा. तो तास विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि पुन्हा जागेवर थांबलं की संपतो. दीड तास आधी येऊन कागदपत्रं, हवामान, इंधन बघणं, दोन फेऱ्यांमध्ये विमानतळावर अडकून पडणं, हे त्यात मोजलं जात नाही. म्हणून बहुतेक कंपन्या ठरावीक तासांची हमी देतात आणि खरा पगार त्या हमीवर अवलंबून असतो. कोविडमध्ये अनेकांचे हमीचे तास खाली आले आणि पगार निम्म्यावर उतरले, हप्ते मात्र तेवढेच राहिले. आमचा किलोमीटर भत्ता निवृत्तिवेतनाच्या हिशोबात मूळ पगाराच्या 55 टक्के धरतात. त्यांच्या फ्लाइंग अलाउन्सला असं काही चिकटलेलं नाही.

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा फरक मेडिकलचा. आमचीही नजर कडक तपासतात, ए-वन कॅटेगरी म्हणतात. पण कोणी त्यात नापास झाला तर रेल्वे त्याला दुसऱ्या कामावर घेते, तसं कायद्याचंच संरक्षण आहे. माझ्याबरोबरचे काही जण असे ऑफिसात गेले आणि पेन्शनीपर्यंत नोकरी करून घरी आले. पायलटचं क्लास वन मेडिकल गेलं की उडणं बंद, आणि कंपनीने दुसरं काम द्यावंच असं काही नाही. चाळिशीत साखर किंवा हृदयाचा त्रास निघाला तर बारावी आणि लायसन्स एवढ्यावर तो दुसरीकडे काय मागणार? लायसन्स गेल्यास भरपाई देणारा विमा असतो, तो कंपनी देते का आणि किती रकमेचा, हे फार कमी पालक विचारतात. कॅप्टनला मिळणारे चार-पाच लाख मला रास्त वाटतात ते यासाठी. त्यात अख्ख्या आयुष्याच्या अनिश्चिततेची किंमत आहे. कंपनी बुडण्याची अनिश्चितता वेगळीच. किंगफिशर ऑक्टोबर 2012 मध्ये बंद पडली, जेट एप्रिल 2019 मध्ये, गो फर्स्ट मे 2023 मध्ये. किंगफिशर आणि जेटच्या पायलटांचे तर आधीचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेले होते.

पगार फार खाली गेला की काय होतं, यासाठी अमेरिकेतलं उदाहरण सांगतो. 12 फेब्रुवारी 2009 ला कोल्गन एअरचं नेवार्कहून बफेलोला निघालेलं विमान उतरताना कोसळलं. विमानातले 49 आणि जमिनीवरचा एक, असे 50 जण गेले. चौकशीत मुख्य कारण निघालं ते कॅप्टनने स्टॉलच्या, म्हणजे वेग कमी पडून पंखांची उचल जाण्याच्या, इशाऱ्याला दिलेला चुकीचा प्रतिसाद. पण त्याच चौकशीत हेही बाहेर आलं की 24 वर्षांची को-पायलट आईवडिलांकडे सिएटलला राहायची आणि ड्यूटीसाठी रात्रभर मालवाहू विमानातून देश ओलांडून नेवार्कला आली होती. त्या काळात तिथल्या छोट्या कंपन्यांमध्ये नव्या को-पायलटला वर्षाला वीस हजार डॉलरच्या आसपास मिळायचे. त्यात नेवार्कजवळ खोली घेऊन राहणं अवघड होतं. थकव्याने नेमका किती फरक पडला हे चौकशी मंडळाला मोजता आलं नाही. पण रनिंग रूममध्ये, म्हणजे बाहेरगावी आमच्या विश्रांतीच्या खोलीत, झोप न झालेल्या माणसाने पहाटे सिग्नल वाचणं काय असतं ते मला ठाऊक आहे, म्हणून मी तो तपशील विसरू शकत नाही.

त्यानंतर तिथे कायदा झाला आणि 2013 पासून को-पायलटलाही साधारण 1500 तासांची अट लागली. माणसं कमी पडू लागली. 2022 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या उपकंपन्यांनी नव्या को-पायलटचा दर तासाला 90 डॉलर केला आणि कॅप्टनचा 146. विमानं तीच, काम तेच. माणसं मिळेनाशी झाली तेव्हा पैसे निघाले. आपल्याकडे दोनशे तासवाल्यांची रांग आहे तोवर तसं होईल असं मला वाटत नाही.

विश्रांतीच्या बाबतीत मात्र इथे थोडं बरं झालंय. विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएच्या सुधारित नियमांनी पायलटची साप्ताहिक विश्रांती 36 वरून सलग 48 तास केली. आम्ही लोको पायलट ड्यूटीनंतरचे 16 अधिक साप्ताहिक 30 असे 46 तास मागत इतकी वर्षं भांडतोय, त्यामुळे याचा मला मनापासून आनंद झाला. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा लोकांनी नियमांना नावं ठेवली. नियम जवळजवळ दोन वर्षं आधी जाहीर झाले होते. माणसं वेळेत भरायला हवी होती.

आता तुमच्या मुलाचं. इंजिनिअरशी तुलना केलीत तर पहिली सात-आठ वर्षं हिंजवडीत नोकरी करणारा साधा आयटीवाला खर्च वजा जाता पुढे राहील. कॅप्टन झाल्यावर पायलट त्याला मागे टाकेल, त्यासाठी 1500 तास आणि एटीपीएल हे वरचं लायसन्स लागतं, आणि मधली वर्षं नोकरी टिकावी लागते. त्याला खरीच ओढ असेल तर अडवू नका. पण फी भरण्याआधी त्याचं क्लास टू आणि लगेच क्लास वन मेडिकल करून घ्या. डोळ्यांचा रंगदोष किंवा हृदयातली बारीकशी गोष्ट तिथेच कळते, आणि काही हजारांत ऐंशी लाख वाचतात.

दुसरं, घर आणि जमीन दोन्ही एकदम तारण ठेवू नका. तिसरं, नोकरीचं पत्र आलं की सही करण्याआधी बॉण्डची (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराची) रक्कम आणि मुदत, हमीचे तास आणि लायसन्स विम्याची रक्कम लेखी मागा. नोटीस पीरियड को-पायलटला सहा महिन्यांचा आणि कॅप्टनला वर्षाचा असतो, म्हणजे चांगली ऑफर आली तरी लगेच उठून जाता येत नाही. आमच्या साडूच्या मुलाने सही केली तेव्हा हमीचे तास पत्रात लिहिलेलेच नव्हते. ते मागून घ्यावे लागले, आणि मागितल्यावर मिळाले.