निवडलेल्या ओळी एका एक्सेल फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये मॅक्रोने कशा पाठवायच्या?

तुमचा प्रश्न मला असा समजला: कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या ओतकामाच्या कारखान्यात डिस्पॅचची रोजची नोंद एका फाइलमध्ये होते. त्यातल्या परत आलेल्या मालाच्या ओळी संध्याकाळी दुसऱ्या फाइलमध्ये न्याव्या लागतात. कंट्रोल दाबून ओळी निवडायच्या आणि बटण दाबलं की त्या पलीकडं जायच्या, असा मॅक्रो, म्हणजे एक्सेलला शिकवून ठेवलेलं काम, हवाय.

होतो की. पण माझं ऐकाल तर कंट्रोल दाबून निवडायचा नाद सोडा.

मी कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात एका अडत दुकानाचे हिशेब बघतो. गुळाची आवक, सौदा, शेतकऱ्याची पट्टी (त्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब), सगळं एका फाइलमध्ये असतं. ज्या पट्ट्यांचे पैसे द्यायचे ठरले त्या ओळी दुसऱ्या फाइलमध्ये जातात, ती मालक बघतात. तुमचं कास्टिंग, आमचा गुळाचा रवा. ओळ ती ओळच. पहिला मॅक्रो मीही तुमच्यासारखाच केला होता. दुपारी सौदा संपलेला, फोन वाजतोय, दारात शेतकरी पट्टीसाठी उभा, आणि अशात चाळीस ओळींतल्या बारा ओळी कंट्रोल धरून वेचायच्या. एक क्लिक कंट्रोलशिवाय पडली की आधीची सगळी निवड गेली. त्याहून वाईट म्हणजे काय नेलं याची खूण मागं राहत नाही. दुसऱ्या दिवशी मालकांनी विचारलं, "ही पट्टी काल गेली का?" की दोन्ही फाइली शेजारी ठेवून बोट फिरवत बसायचं.

म्हणून मूळ फाइलला दोन रकाने वाढवा: 'पाठवायचं' आणि 'पाठवलं'. न्यायच्या ओळीत पहिल्या रकान्यात 'हो' लिहा, दुसऱ्याला हात लावू नका. मॅक्रोनं फक्त त्याच ओळी उचलायच्या जिथं 'हो' आहे आणि 'पाठवलं' रिकामं आहे. त्या पलीकडं टाकून, पलीकडची फाइल सेव्ह करून, मगच 'पाठवलं'मध्ये आजची तारीख लिहायची. हा क्रम उलटा करू नका. आधी तारीख पडली आणि मधेच लाइट गेली, तर कागदोपत्री ओळ गेलेली आणि प्रत्यक्षात कुठंच नाही. या पद्धतीत बटण चुकून दोनदा दाबलं तरी ओळ दोनदा जात नाही. एवढ्यासाठीच मी ती धरून बसलोय.

तयार कोड इथं डकवत नाही, कारण दुसऱ्याच्या रकान्यांसाठी लिहिलेला कोड तसाच चिकटवण्यातूनच निम्मे घोळ होतात. डेव्हलपर टॅबवरचा मॅक्रो रेकॉर्डर चालू करा आणि हे काम एकदा हातानं करून दाखवा: फिल्टर लावा, दिसणाऱ्या ओळी कॉपी करा, दुसऱ्या फाइलमध्ये पेस्ट स्पेशलमधून फक्त व्हॅल्यू टाका, फिल्टर काढा. मग ऑल्ट आणि एफ11 दाबून कोडची खिडकी उघडून बघा, बराचसा सांगाडा तयार असेल. फक्त रेकॉर्डर त्या दिवशीचे पत्ते जसेच्या तसे लिहून ठेवतो. दुसऱ्या ओळीपासून चाळिसाव्या ओळीपर्यंत म्हणजे तेवढंच, उद्या साठ ओळी झाल्या तरी. ते पत्ते तुम्हाला बदलावे लागतील.

व्हॅल्यूच का, तर तुमच्या ओळीत दर किंवा पार्टीचं नाव सूत्रानं येत असेल तर साध्या पेस्टमध्ये ते सूत्रही पलीकडं जातं. मग ती फाइल उघडली की दर वेळी लिंक अपडेट करायची का म्हणून विचारत बसते.

आता फाइल कुठली हा मुद्दा. व्हीबीएमध्ये, म्हणजे मॅक्रो ज्या भाषेत लिहितात तिच्यात, 'थिसवर्कबुक' म्हणजे कोड ज्या फाइलमध्ये लिहिलाय ती, आणि 'ॲक्टिव्हवर्कबुक' म्हणजे त्या क्षणी समोर असलेली. मॅक्रोनं दुसरी फाइल उघडली की समोर तीच येते, आणि पुढची ओळ बिनदिक्कत तिच्यावर काम करते. म्हणून सुरुवातीलाच दोन व्हेरिएबल (कोडमधली नावं) करून एकात मूळ फाइल, दुसऱ्यात पलीकडची असं बांधून टाका आणि पुढं नेहमी त्याच नावानं हाक मारा. मॅक्रो पर्सनल वर्कबुकमध्ये ठेवलात तर 'थिसवर्कबुक' म्हणजे ती लपलेली पर्सनल फाइल होते, तुमचं रजिस्टर नव्हे.

माझं नुकसान झालं ते मात्र शेवटच्या ओळीपायी. पलीकडच्या फाइलमध्ये पहिली मोकळी ओळ शोधायला सगळेच एक युक्ती वापरतात: शीटच्या अगदी तळाला, म्हणजे 10,48,576व्या ओळीला जायचं आणि तिथून वर उडी मारायची. जिथं अडकेल ती शेवटची भरलेली ओळ. पण ही उडी एकाच रकान्यातून असते. मी निवडला होता गाडी नंबरचा रकाना. एका गाडीतून पाच लॉट आले की आम्ही नंबर फक्त पहिल्या ओळीत लिहायचो, वहीतली जुनी सवय. एके दिवशी नेमक्या अशाच पाच ओळी शेवटी आल्या. दुसऱ्या दिवशी मॅक्रोला पहिलीच ओळ शेवटची वाटली आणि खालच्या चार पट्ट्यांवर नवा माल चढला. मालकांची बेरीज जुळेना तेव्हा कळलं. कंट्रोल झेड दाबून पाहिलं, पण मॅक्रोनं केलेलं काम त्यानं मागं फिरत नाही. मी ओळी कट न करता कॉपी करत होतो, म्हणून मूळ फाइलमधून त्या परत मिळाल्या. तुम्हीही कट करू नका. आणि उडी अशा रकान्यातून मारा जो कधीच रिकामा नसतो. आमचा पट्टी नंबर, तुमचा चलन नंबर.

बारीकसारीक दोन गोष्टी. ज्या दिवशी एकही 'हो' नसेल त्या दिवशी दिसणाऱ्या ओळी शोधताना मॅक्रो 1004 क्रमांकाची चूक दाखवून थांबेल, म्हणून आधी 'हो' मोजा आणि शून्य असतील तर तिथंच बाहेर पडा. आणि ओळ क्रमांकासाठी 'इंटिजर' घेऊ नका, तो 32,767च्या पुढं जात नाही, 'लाँग' घ्या.

तुमच्या साहेबांना कंट्रोलनं निवडणंच हवं असेल तर एवढं ध्यानात ठेवा: निवड तुकड्यातुकड्यांची असेल तर ओळी किती असं विचारल्यावर एक्सेल फक्त पहिल्या तुकड्याचा आकडा सांगतं. प्रत्येक तुकडा, म्हणजे 'एरिया', वेगळा घेऊन फिरावं लागतं.

आणखी एक विचारतो. पलीकडच्या फाइलमध्ये कुणी काही लिहितं, की नुसतं बघतं? नुसतं बघायचं असेल तर मॅक्रोची गरजच नाही. एक्सेल 2016पासून डेटा टॅबवरच पॉवर क्वेरी आहे, ती परत आलेल्या मालाच्या ओळी मूळ फाइलमधून स्वतः आणते, रिफ्रेश दाबलं की झालं. क्वालिटीवाले शेजारी शेरे लिहीत असतील तर मात्र नको. रिफ्रेशनंतर ओळी वरखाली होतात, शेरे जागेवरच राहतात, आणि एकाचा शेरा दुसऱ्याच्या नावावर जातो.

सेव्ह करताना फाइल मॅक्रो-एनेबल्ड प्रकारातच करा, साध्या प्रकारात कोड राहत नाही. फाइल मेलवरून आली असेल आणि मॅक्रो अडवलेत असा लाल पट्टा दिसला, तर फाइल बंद करून प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक'वर टिक करा, पण पाठवणारा ओळखीचा असेल तरच. पलीकडची फाइल नेटवर्कवर दुसऱ्या कुणी उघडून ठेवली असेल तर तुमच्याकडं ती रीड-ओन्ली उघडते आणि सेव्ह होत नाही. मॅक्रोनं उघडल्या उघडल्या ते तपासावं, आणि तसं असेल तर एकही ओळ न टाकता 'फाइल कुणाकडं तरी उघडी आहे' एवढा निरोप देऊन थांबावं.