‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ : काळ आणि वेळ एकच का?

प्रश्न असा आहे : ‘काळ’ आणि ‘वेळ’ समानार्थी असतील, तर ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ या म्हणीत विरोध कसला? सोबत एक उपप्रश्न : ‘वेळ’ पुल्लिंगी की स्त्रीलिंगी?

म्हणीतला काळ म्हणजे कालावधी नव्हे. तो मृत्यू आहे, किंबहुना साक्षात यम. अमरकोशात यमाच्या नावांमध्ये धर्मराज, कृतान्त, शमन, अन्तक यांच्या पंगतीत ‘काल’ बसलेला आहे. ‘काळाने झडप घातली’, ‘काळाने घाला घातला’, ‘अमुक कालवश झाले’ ही सगळी त्याचीच कामं. ‘म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो’ यात सोकावणाराही तोच. वेळेला यातलं काही जमत नाही; वेळेने कुणावर झडप घातली असं आपण म्हणत नाही. वेळ म्हणजे नेमलेला क्षण. न्यायला आलेला दारात उभा होता, पण नेमलेला क्षण आला नव्हता, म्हणून हात हलवत परत गेला, असा म्हणीचा सरळ अर्थ.

संस्कृतात मात्र ही वाटणी इतकी स्वच्छ नव्हती. पाणिनीचं ‘कालसमयवेलासु तुमुन्’ (३.३.१६७) हे सूत्र तिन्ही शब्द एका दावणीला बांधतं. जेवायची वेळ झाली हे कालो भोक्तुम्, समयो भोक्तुम् किंवा वेला भोक्तुम्, कसंही म्हणा. पण ‘वेला’ला आणखी एक अर्थ होता : सीमा, समुद्राचा काठ. समुद्र कितीही उसळला तरी वेला ओलांडत नाही, ही संस्कृत कवींची लाडकी कल्पना. मराठी ‘वेळ’ हा शब्द याच ‘वेला’पासून आलेला. आपल्या म्हणीतली वेळ मृत्यूलाही ओलांडता येत नाही, यात मला तरी तो जुना काठ दिसतो.

म्हणीमागची कल्पना हितोपदेशात जवळजवळ तशीच सापडते : ‘नाकाले म्रियते जन्तुर्विद्धः शरशतैरपि । कुशाग्रेणैव संस्पृष्टः प्राप्तकालो न जीवति ॥’ वेळ नसेल तर शंभर बाण लागूनही माणूस मरत नाही, आणि ती आली असेल तर दर्भाचं टोक टोचलं तरी वाचत नाही. इथे ‘काल’ हा शब्द आपल्या ‘वेळे’च्या जागी आहे. उलट गीतेच्या अकराव्या अध्यायात ‘कालोऽस्मि लोकक्षयकृत्’ म्हणणारा तो काल म्हणजे आपला झडप घालणारा काळ. संस्कृतात एकाच शब्दावर पडलेली ही दोन कामं मराठी म्हणीने दोघांत वाटून दिली.

‘शंभर बाण लागूनही’ म्हटल्यावर भीष्म आठवणारच. इच्छामरणाचा वर असल्यामुळे काळ उशाशी ताटकळला आणि वेळ मात्र उत्तरायणापर्यंत भीष्मांच्या हाती राहिली. शरशय्येवर ५८ रात्री गेल्या, असं ते अनुशासनपर्वात स्वतःच सांगतात. त्या मुदतीत त्यांनी युधिष्ठिराला राजधर्मापासून मोक्षधर्मापर्यंत सगळं ऐकवलं. शांतिपर्वात त्यांनीच सांगितलेल्या पिता-पुत्र संवादात हा श्लोक येतो : ‘श्वःकार्यमद्य कुर्वीत पूर्वाह्णे चापराह्णिकम् । न हि प्रतीक्षते मृत्युः कृतमस्य न वा कृतम् ॥’ उद्याचं आज करा, दुपारनंतरचं सकाळीच उरका. तुमचं काम झालं की राहिलं यासाठी मृत्यू थांबत नाही. ज्याच्यासाठी मृत्यू खरोखर थांबला होता, त्याच्याच तोंडी हा श्लोक घातला आहे. महाभारतकाराची ही खोड मला फार आवडते.

आता लिंगाकडे. ‘वेळ’ दोन्ही लिंगांत चालतो, पण अर्थ बदलून. ‘माझा वेळ गेला’ म्हणजे तासभर फुकट गेला. ‘माझी वेळ गेली’ म्हणजे संधी हुकली. सामान्यरूपातही हा भेद टिकतो : ‘थोड्या वेळात येतो’, पण ‘वेळेत पोचलो’. पुल्लिंगी वेळ हा साठा आहे; तो आपण काढतो, देतो, घालवतो, वाचवतो. स्त्रीलिंगी वेळ आपल्याकडे येते, टळते, चुकते, फार तर साधता येते. ‘अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये’ यात वेळ पुल्लिंगी करून पाहा, वाक्य मोडतं. म्हणून म्हणीत ‘वेळ आला नव्हता’ चालणार नाही.

मरण आणि कर्तव्य यांवर आपल्याकडे जे लिहिलं गेलं, त्यात या दोन्ही वेळा वेगवेगळ्या ओळखू येतात. दासबोधात सदैवपणाचं, म्हणजे भाग्यवंताचं, लक्षण म्हणून ‘रिकामा जाऊं नेदी येक क्षण’ येतं. तो पुल्लिंगी वेळाचा हिशेब, आणि पुढे लगेच प्रपंच-व्यवसायाचं ज्ञान बरं ठेवावं असंही सांगितलं आहे. नुसतं जपमाळ घेऊन बसा असं नाही. त्याच ग्रंथातल्या मृत्युनिरूपणाच्या समासात ‘भरतां न भरतां निमिष्य । जाणें लागे’ असं येतं, ती स्त्रीलिंगी वेळ. इथलं ‘भरणं’ ओळखीचं वाटलं असेल. घटिकापात्र म्हणजे वेळ मोजायला पाण्यावर सोडलेली वाटी. तिच्या तळाच्या छिद्रातून पाणी शिरतं, २४ मिनिटांत ती भरून बुडते आणि घटका भरते; ‘त्याची घटका भरली’ हे त्यातूनच. ‘दिवस भरले’ तर बाळंतपणालाही चालतं आणि मरणालाही. (‘शंभर भरले’ हे वेगळं, ते शिशुपालाच्या अपराधांचं खातं.)

गीतेत आठव्या अध्यायात अंतकाळी स्मरण ठेवणाऱ्याची गती सांगितल्यावर ‘तस्मात्सर्वेषु कालेषु मामनुस्मर युध्य च’ असं येतं. अंतकाळाची वेळ माहीत नसते, म्हणून ‘सर्वेषु कालेषु’. आणि स्मरणाला जोडून लगेच ‘युध्य च’, म्हणजे समोरचं काम सोडायचं नाही.

तीर्थ घेताना म्हणतात त्या ‘अकालमृत्युहरणं सर्वव्याधिविनाशनम्’ या श्लोकात मात्र म्हणीशी थोडा तंटा आहे. वेळ आल्याशिवाय काळ नेत नसेल, तर अकाली मृत्यू संभवतोच कसा? श्लोक तो संभवतो असं धरून चालतो. पण मागणंही किती बेताचं आहे पाहा : मरणच नको असं म्हटलेलं नाही, फक्त अवेळी नको.

शेवटी, काही जण म्हण उलटी करतात : ‘वेळ आली होती, पण काळ आला नव्हता.’ ऐकायला बरी वाटली तरी ती चूकच. नेमलेला क्षण आला आणि यम मात्र यायचा राहिला, असा तिचा अर्थ होईल. मार्कंडेयाच्या कथेलाही ती बसत नाही. त्याला आयुष्यच सोळा वर्षांचं. ती भरली तेव्हा वेळही आली होती आणि पाश घेऊन काळही आला होता. मध्ये शंकर पडला म्हणून मुलगा वाचला. शंकराला कालान्तक म्हणतात ते यावरूनच, आणि त्यातला ‘काल’ पुन्हा यमच.