युनिफॉर्म उतरल्यानंतर काय घालावे?

ताई,
माझे वय 52. अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी 27 वर्षे मशीन शॉपमध्ये काम केले. शेवटची काही वर्षे सुपरवायझर होतो. गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आता एका छोट्या उद्योजकाकडे ग्राहकांना भेटण्याचे काम करतो. सातपूर, सिन्नर, दिंडोरी असे मोटारसायकलवरून फिरणे असते. इतकी वर्षे अंगावर कंपनीचा राखाडी युनिफॉर्म होता आणि सणासुदीला पत्नी आणेल तो शर्ट. आता रोज सकाळी कपाटापुढे उभा राहतो आणि काही सुचत नाही. परवा मुलाबरोबर कॉलेज रोडला जाऊन एक जीन्स आणि दोन शर्ट घेतले. पत्नी म्हणाली, "या वयात आता कोणाला दाखवायचंय?" कपडे तसेच पिशवीत पडून आहेत. मला म्हातारचळ लागला आहे का? केसांना कलप लावावा का? आणि मार्गशीर्षात पुतणीचे लग्न आहे, तेव्हा काय घालावे?
— एक वाचक, सिडको, नाशिक

स. न. वि. वि.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते : तुम्हाला म्हातारचळ लागलेला नाही. तुमचे काम बदलले आहे, दिवसभरात भेटणारी माणसे बदलली आहेत आणि इतक्या वर्षांत अंगकाठीही बदलली आहे. अशा वेळी जुन्या कपाटात मनाजोगे काही न सापडणे साहजिक आहे. पन्नाशीत कपड्यांचा नव्याने विचार करणाऱ्या पुरुषाकडे आपल्याकडे उगीचच संशयाने पाहिले जाते, जणू नीटनेटके दिसण्याची हौस लग्न ठरेपर्यंतच पुरवायची असते. मला हे मुळीच मान्य नाही.

कपाटापुढे उभे राहिल्यावर काही सुचत नाही, या तुमच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. सातपूर आणि अंबडच्या रस्त्यांवर पाळी सुटण्याच्या वेळी शर्टाच्या रंगावरून आणि खिशावरच्या अक्षरांवरून माणूस कोणत्या कंपनीतला, हे लांबूनही ओळखू येते. त्या शर्टाला आपल्या शहरात एक पत आहे. घर भाड्याने घेताना, पतपेढीत कर्जाचा अर्ज देताना, मुलीसाठी स्थळ पाहायला जाताना "अमुक कंपनीत पर्मनंट आहेत" एवढे सांगितले की पुढचे अर्धे प्रश्न कोणी विचारत नाही. तो शर्ट तुम्ही उतरवला तेव्हा त्याच्याबरोबरची ही ओळखही गेली, आणि त्याची हुरहूर वाटत असेल तर त्यात कमीपणा मानू नका. त्याच वेळी हेही ध्यानात घ्या की मायक्रोमीटर हे मापाचे यंत्र हातात धरून जॉब, म्हणजे मशीनवर तयार झालेला भाग, पास की रिजेक्ट हे सांगणारी नजर कंपनीची नव्हती, तुमची होती आणि ती तुमच्याबरोबरच बाहेर आली आहे. सिन्नरच्या कारखान्यातील खरेदी अधिकाऱ्यासमोर तुम्ही बसाल तेव्हा ही नजर त्याला पहिल्या दोन मिनिटांत दिसणार नाही, कपडे मात्र दिसतील. म्हणून तुमच्या नव्या कपड्यांकडून अपेक्षा एवढीच ठेवा की, हा माणूस आपले काम काटेकोर करत असणार, असे समोरच्याला वाटावे. रुबाब दाखवण्याची गरज नाही आणि तरुण दिसण्याची तर त्याहून नाही.

आता पत्नीच्या बोलण्याविषयी. ते वाक्य तुम्हाला लागले, हे पत्रातून कळते. परंतु तिच्या बाजूने थोडा विचार करून पाहा. इतकी वर्षे तुमचे कपडे तिने आणले, धुतले, बटणे लावली, दिवाळीत तुमच्या शर्टाचे कापड घेतल्यावर उरलेल्या पैशांत स्वतःची साडी बसवली. आणि जेव्हा प्रथमच तुम्हाला स्वतःहून काही घ्यावेसे वाटले, तेव्हा तुम्ही मुलाला घेऊन परस्पर दुकानात गेलात. "कोणाला दाखवायचंय" या प्रश्नामागे "मला का विचारले नाही" हा प्रश्न असण्याची शक्यता मला अधिक वाटते. तेव्हा तिच्याशी वाद घालू नका आणि तिची परवानगीही मागू नका. नव्या कामात कोणाला भेटावे लागते, तिथे काय अवघडल्यासारखे होते, हे तिला एका संध्याकाळी निवांत सांगा आणि पुढच्या खरेदीला तिला बरोबर न्या. तिथे तिच्यासाठीही काही घ्या, मात्र रंग आणि पोत तिला निवडू द्या. ज्या घरात आईचे कपडे नेहमी सर्वांत शेवटी येतात, त्या घरात वडिलांची नवी जीन्स खुपणारच.

यापुढचे सारे प्रत्यक्ष कपड्यांविषयी. माझे ठाम मत असे आहे की पन्नाशीनंतर फॅशनपेक्षा मापाला शंभरपट महत्त्व आहे. या वयात बहुतेक पुरुषांचे खांदे थोडे पुढे झुकतात, पोट सुटते आणि दंड-मांड्या बारीक होतात. तयार कपडे बेतणारा असा देह डोळ्यांसमोर ठेवून बेतत नाही. म्हणून पोटावर बसणारा शर्ट घ्यावा तर तो खांद्यावरून ओघळतो आणि खांद्याला बसणारा घ्यावा तर पोटावर बटणे ताणतात. यावर उपाय म्हणजे चांगला शिंपी. मेन रोडला किंवा रविवार कारंजाच्या बाजूला कापड घ्यावे आणि ज्याच्याकडे तुमच्या वयाची गिऱ्हाइके नियमाने येतात अशा शिंप्याकडे ते टाकावे. एका वेळी एकच शर्ट आणि एकच पँट शिवून पाहावी. ती मनासारखी झाली की मग बाकीची द्यावीत. पूर्ण बाहीच्या शर्टाला 36 इंच पन्ह्याचे, म्हणजे रुंदीचे, साधारण सव्वादोन ते अडीच मीटर कापड लागते आणि पँटला 58 इंच पन्ह्याचे सव्वा मीटरच्या आसपास. पोट मोठे असेल तर शिंप्याला आधी विचारून घ्यावे. सुती कापड शिवायला टाकण्यापूर्वी पाण्यात भिजवून वाळवून घ्यावे, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटते आणि कॉलर गळ्याशी दाटते.

माप देताना पोट आत ओढून उभे राहू नका. हे लहानसे वाटेल, पण निम्मे कपडे इथेच बिघडतात. नेहमी जसे उभे राहता तसेच राहा, खिशात मोबाइल आणि पाकीट असू द्या. शर्टाची खांद्याची शिवण खांद्याचे हाड संपते तिथेच आली पाहिजे. तुमचे सणासुदीचे जुने शर्ट घालून आरशात पाहिलेत तर ती दंडावर उतरलेली दिसेल, आणि माणूस थकलेला दिसतो तो बहुतांशी त्यामुळेच. कॉलरचे बटण लावल्यावर आत एक बोट सहज गेले पाहिजे. ट्रायलच्या वेळी खुर्चीवर बसून पोटाजवळच्या दोन बटणांमध्ये फट पडते का ते पाहा, आणि मग मोटारसायकलचे हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करा; पाठीत ओढ बसली किंवा बाही मनगटाच्या फार वर गेली तर शर्ट तिथेच परत द्या. पँट पोटाखाली ढकलून घालण्याची सवय पुष्कळांना असते; त्याने पोट अधिक दिसते आणि शर्ट सारखा बाहेर येतो. कमरेला नैसर्गिक जागी बसणारी, पुढे एखादी चुणी असलेली आणि पायाशी मोहरी (खालचा घेर) फार अरुंद नसलेली पँट तुम्हाला शोभेल. शिवणीत दीड-दोन इंच माया, म्हणजे जादा कापड, ठेवायला सांगा, म्हणजे पुढे सैल किंवा घट्ट करता येईल.

मापाचा विषय निघालाच आहे म्हणून एक गोष्ट आपुलकीने सांगते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरून स्वतःच्या पोटाचा घेर मोजा. पँटवर लिहिलेला आकडा त्यासाठी उपयोगाचा नाही. भारतीय पुरुषांमध्ये हा घेर 90 सेंटीमीटरच्या पुढे असेल तर मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो असे मानले जाते, तेव्हा आकडा जास्त आला तर शिंप्याबरोबरच डॉक्टरांकडेही जाऊन या.

कापड निवडताना आपल्या नाशिकची हवा आणि तुमची मोटारसायकल या दोन्हींचा विचार करा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा पॉलिस्टर जास्त असलेल्या टेरिकॉटमध्ये घाम जिरत नाही आणि दुसऱ्या भेटीपर्यंत माणूस हैराण होतो. शर्ट पूर्ण सुतीच असावेत. उन्हाळ्यासाठी एखाददुसरा खादीचा शर्ट अवश्य शिवून घ्या. खादी प्रत्येक धुण्याबरोबर मऊ होत जाते, आणि गांधी जयंतीच्या सुमारास खादी भांडारांत बहुधा सूट मिळते. पँटसाठी मात्र मिश्र धाग्याचे कापड चालेल, कारण सिन्नरपर्यंत गाडीवर बसून गेल्यावर शुद्ध सुती पँटला पडलेल्या सुरकुत्या दिवसभर जात नाहीत. लिननचा मोह टाळावा. ते सुंदर असते, पण रोज गाडीवर फिरणाऱ्याच्या कामाचे नाही. पावसाळ्यात फिक्या रंगाच्या पँट कपाटातच राहू द्या. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा जुना कंपनीचा स्वेटर वरून घालून चांगल्या शर्टाची शोभा घालवू नका. साध्या गडद निळ्या रंगाचे एक जाकीट घ्या, ते पुष्कळ वर्षे पुरेल. एकूण पाच शर्ट आणि तीन पँट एवढ्यावर तुमचे कामाचे दिवस आरामात निघतील.

रंगांच्या बाबतीत पुरुष विनाकारण घाबरतात. क्रीम, फिके पिस्ता आणि मातकट हे रंग आपल्याकडे वयस्कांचे म्हणून ठरवून टाकले आहेत, आणि पिकू लागलेल्या केसांखाली नेमके तेच चेहरा निस्तेज करतात. दुकानातील ट्यूबलाइटखाली काही कळत नाही. कापडाचा ताका घेऊन दारापर्यंत या आणि दिवसाच्या उजेडात तो हनुवटीखाली धरून पत्नीला विचारा. गडद निळा, बाटली हिरवा, वांगी, स्वच्छ पांढरा, आकाशी असे रंग मी तुम्हाला सुचवेन. बारीक चौकडा चालेल, मोठी फुले नकोत.

बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभराच्या वावरानंतर पाय थोडे सुजलेले असतात. वयाबरोबर पाऊल रुंदावते, तेव्हा जुन्या नंबरावर विसंबू नका आणि दोन्ही पायांत घालून, दुकानात चालून पाहा. सेफ्टी शूजची इतकी वर्षे सवय असल्यामुळे पातळ तळव्याचे बूट तुम्हाला खुपतील. जाड रबरी तळव्याचे साधे तपकिरी चामडी बूट आणि त्याच रंगाचा पट्टा घ्यावा.

पिशवीतली जीन्स घाला. सरळ कापाची, गडद निळी आणि कुठेही न फाडलेली असेल तर ती 52 व्या वर्षीच काय, 70 व्या वर्षीही शोभते. रविवारी सोमेश्वरला फिरायला जाताना, मुलाच्या मित्रांबरोबर जेवायला बसताना ती घाला. ग्राहकांकडे मात्र पँटच बरी. मुलाने स्लिम फिट घ्यायला लावली असेल आणि मांडीवर ताणत असेल, तर बिल घेऊन लवकर जा आणि बदलून आणा. शर्ट बाहेर सोडून घालायचा असेल तर त्याची खालची कड सरळ असावी आणि मागच्या खिशाच्या मध्यापर्यंतच यावी. दोन्ही बाजूंना गोलाई देऊन मागेपुढे लांब ठेवलेले शर्ट आत खोचण्यासाठीच बेतलेले असतात.

कलप लावू नये, असे माझे मत आहे. चांगल्या न्हाव्याकडून दर महिन्याला नीट कापलेले पांढरे-काळे केस अनुभवी माणसाला शोभून दिसतात, आणि एकदा कलप सुरू केला की मुळाशी डोकावणारी पांढरी रेघ दर पंधरवड्याला सांभाळावी लागते. तरीही लावावासा वाटला तर आधी कानामागे थोडा लावून दोन दिवस थांबा. काळ्या कलपांत पीपीडी नावाचे रसायन असते आणि काहींना त्याने खाज, सूज किंवा फोड येतात. "काळी मेंदी" म्हणून मिळणाऱ्या पावडरींतही पुष्कळदा तेच असते. शुद्ध मेंदीचा रंग तांबूसच येतो.

राहिले पुतणीचे लग्न. तुम्ही मुलीचे काका, म्हणजे दारात उभे राहून पाहुण्यांचे स्वागत करणार, मांडवात धावपळही करणार. सुटाबुटात ते जमत नाही. मोतिया रंगाचा रेशीम-सुती मिश्र कुर्ता, पांढरा चुडीदार किंवा सरळ पायजमा आणि वर बंद गळ्याचे बिनबाह्यांचे जाकीट हा पोशाख तुम्हाला छान दिसेल. पैठणीच्या कापडाचे जाकीट शिवण्याची इच्छा असेल तर येवला आपल्याच जिल्ह्यात आहे. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी यंत्रमागावरची नक्कल त्याच नावाने सर्रास विकली जाते. कापड उलटून पाहा : हातमागावर विणलेल्या खऱ्या पैठणीच्या पदरावरची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते, यंत्रावरच्या कापडाला मागे सुटे धागे असतात. रेशमाच्या खात्रीसाठी सिल्क मार्कचे लेबल मागा. संपूर्ण जाकीट पैठणीचे करण्यापेक्षा गडद साध्या रेशमाला कॉलरवर आणि खिशावर पैठणीचा काठ लावलेला मला अधिक आवडेल, आणि ते खर्चालाही झेपेल. घरात पत्नीची एखादी अंगातून विरलेली पण काठ शाबूत असलेली पैठणी असेल तर तिचा काठ यासाठी चालतो. मात्र ती तिने आपणहून काढून दिली तरच वापरा, तुम्ही मागू नका. दिवाळीआधी शिंप्यांकडे गर्दी असते आणि तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते, त्यामुळे जाकिटाचे कापड दसऱ्याच्या आत टाकून ठेवा.